संगीताच्या बाईंच्या कॅसेटी संगणकावर घेताना: कामाच्या नोंदी

१६ जून २०२४, रविवार

ताईंनी ट्रंक दिली. ताई म्हणजे आमच्या संगीताच्या बाईंची मुलगी. बाई १९७४ ते २००६ पुण्यात पेठेतल्या एकाच प्राथमिक शाळेत पहिली ते चौथीला गाणं शिकवत होत्या. अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर निवृत्त झाल्या, मागच्या वर्षी गेल्या. ताईंकडे रंगकाम निघालंय, ट्रंक हलवायलाच हवी होती. "तुला ते कॉम्प्युटरवर घ्यायला जमतं ना गं?" एवढ्यावर ती माझ्या गळ्यात पडली.

आत कॅसेटी, बहुतेक साठ मिनिटांच्या. जाड वह्या. घुंगरांचा एक पट्टा, तबल्याची हातोडी. लेबलांवर बाईंचं तिरकं अक्षर: 'इ. २ री ब, प्रार्थना', '४ थी सरगम', 'गॅदरिंग तालीम, मुलगे बेसूर'. तारीख क्वचितच.

निम्म्या कॅसेटी मुळात बाजारातल्या भावगीतांच्या आहेत. पाठच्या कडेची भोकं चिकटपट्टीने बुजवून बाईंनी त्यांवर वर्ग रेकॉर्ड केले. कोऱ्या कॅसेटीचे पैसे कोण देणार!

हे काम काढणाऱ्यांनी सगळ्यात आधी काय करावं: कॅसेट कुठल्याही यंत्रात घालण्याआधी ती चिकटपट्टी काढा आणि कोऱ्या कॅसेटींचे मागचे दोन प्लास्टिकचे दात मोडा. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी खाली बसत नाही. आजचा दिवस यातच गेला.

१९ जून, बुधवार

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. लवकर गेलं तर माल बघायला मिळतो, उशिरा गेलं तर भाव बरा मिळतो. मी लवकर गेले. दोन हेडफोन-पिन असलेला जड कॅसेट डेक १,८०० रुपयांना घेतला. विकणाऱ्याने प्लग लावून दाखवला, दिवे लागले, चक्र फिरलं नाही. "बेल्ट टाका, धावेल." हे मात्र त्याने खरं सांगितलं.

घरी उघडला तर बेल्टचं डांबर झालेलं. पुलीवर, मोटरवर, बोटांवर, नंतर टेबलावर. रबर असं वितळलेलं असेल तर ओढून काढू नका, चिकटा आणखी पसरतो. कानकोरणीच्या कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुलीची खाच अख्खी साफ होईपर्यंत पुसायची. नवे बेल्ट तपकीर गल्लीत मिळाले, १२० रुपयांत दोन. जुना बेल्ट हरवला असेल तर दोऱ्याने पुल्यांभोवतीचं माप घ्या आणि त्याहून थोडा आखूड मागा.

२३ जून, रविवार

डेक चालतो, पण भरधाव. सगळं चढ्या आवाजात.

वेग तपासायची चाचणी-कॅसेट माझ्याकडे नाही. मग असं केलं: बाजारातली एक न वापरलेली गाण्यांची कॅसेट घेतली, तेच गाणं त्याच ध्वनिमुद्रणातून फोनवर काढलं आणि दोन्हीकडे पहिल्या ठेक्यापासून शेवटच्या ठेक्यापर्यंतचा वेळ मोजला. मोटरच्या पाठीला एक बारीक भोक असतं, त्यात वेगाचा स्क्रू. अगदी लहान स्क्रूड्रायव्हरने केसभर फिरवायचा, पुन्हा मोजायचं. गाण्याची लांबी आणि 'सा' दोन्ही जुळले की थांबायचं. स्क्रूड्रायव्हर धातूचा असेल तर कडेला टेकू देऊ नका.

म्हणजे आता डेक बरोबर आहे. बाईंचा टेपरेकॉर्डर बरोबर होता का, हा निराळा प्रश्न आणि तो मला आज सुचलाही नाही.

३० जून, रविवार

आज पालख्या पुण्यात, पेठांतले रस्ते बंद. घरीच बसून पहिल्या कॅसेटी घेतल्या.

सेटिंग: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. तासाला साधारण एक जीबी लागतं. एमपी-थ्री नंतर, वाटायच्या वेळी. प्रत्येक कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या, वर्षानुवर्षं पडून फीत एकमेकीला धरून बसलेली असते.

आवाज सगळा गोधडीखालून आल्यासारखा होता. मी आधी कॅसेटींना दोष दिला. कारण निघालं हेडचा, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाचा, कोन. बाईंच्या रेकॉर्डरचं हेड किंचित तिरकं असणार, माझ्या डेकचं सरळ आहे. हेडच्या बाजूला स्प्रिंग असलेला स्क्रू असतो. दोन्ही चॅनेल एकत्र, मोनोत ऐकत तो हळूहळू फिरवायचा. एका जागी 'स', 'श' ही अक्षरं एकदम उघडतात. तिथे सोडायचा. बाईंच्या कॅसेटी संपल्या की पुन्हा मूळ जागी आणायचा, म्हणून आधी स्क्रूच्या डोक्यावर मार्करने रेघ मारून ठेवा.

कोन जुळला आणि पहिलं जे स्वच्छ ऐकू आलं ते असं: "खिडकीतल्या, तुझा सा रस्त्यावर गेलाय. त्याला आत बोलाव." मग हशा, मग पाय आपटल्याचा आवाज, मग पेटीचा सा, आणि चाळीसेक गळे तो पकडायला धावले.

७ जुलै, रविवार

पावसाने घोटाळा केला. खिडकीजवळ ठेवलेल्या काही कॅसेटींच्या फितीच्या कडेवर पांढरी बुरशी दिसतेय. त्या वाजवायच्या नाहीत. हेडला लागली की पुढच्या प्रत्येक कॅसेटीला लागते. सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात बंद केल्यात. ऊन दाखवायचा मोह होतो, पण फीत आक्रसते.

दोन कॅसेटींतली, फीत हेडवर दाबून धरणारी फेल्टची गादी सुटून पडली होती. स्क्रूची कॅसेट उघडून गादी बदलता येते. चिकटवलेली असेल तर चाकूच्या पात्याने कड फोडायची आणि फीत दुसऱ्या रिकाम्या स्क्रूच्या खोक्यात घालायची. तुटलेली फीत साध्या सेलोटेपने जोडू नका, गोंद पाझरून शेजारचे वेढे चिकटतात. जोडण्याची खास पट्टी मिळते.

वह्यांचंही काम सुरू केलं. स्वरलेखन भातखंडे पद्धतीचं: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर. वही रेघांची, शाई निळी, रेघाही निळ्या. काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केल्यावर कोमल गंधार आणि वहीची ओळ एकच झाली, आणि बुरशीचा ठिपका मंद्र सप्तकात जाऊन बसला. सगळं पुन्हा रंगीत, ६०० डीपीआयवर. कागदाला तिरका उजेड पाडून एक फोटोही काढतेय: पेनाची रेघ कागदात दबलेली असते, छापील नसते. ही युक्ती कामाला आली.

काही स्वरांभोवती पेन्सिलचं बारीक वर्तुळ आहे. कशाचं, ते कळलं नाही. सजावट असावी म्हणून पुढे गेले.

१४ जुलै, रविवार

सूर जुळवायला बसले. बाईंच्या वर्गाच्या कॅसेटींचा सा कुठल्याच पट्टीवर बसत नाही. पांढरी एक आणि काळी एक (पेटीच्या पट्ट्या, सप्तकात डावीकडून मोजलेल्या) यांच्या मधे कुठेतरी. म्हणजे रेकॉर्डरचा वेग चुकलेला. सेल उतरले की रेकॉर्डर मंद फिरतो, आणि मंद फिरून भरलेली फीत नीट यंत्रात चढी वाजते. एका बाजूला तर सुरुवातीपासून शेवटापर्यंत सा हळूहळू वर सरकत जातो, म्हणजे सेल अर्ध्या तासात माना टाकत होते.

मग खरा सा कुठला? वहीच्या पहिल्या पानावर स्वच्छ लिहिलंय: 'सा – काळी ५', म्हणजे पांढरी एकपेक्षा खालचा. ताई पण म्हणाल्या, आई घरी काळी पाचलाच गायची, उतारवयात काळी चारला. म्हणून सगळ्या फाइली काळी पाचवर ओढल्या. वेग बदलायचा, नुसती पट्टी बदलायची नाही, नाहीतर लय तशीच राहते. एक बॅच पूर्ण करून ताईंना पाठवली.

१६ जुलै, मंगळवार

ताईंचा फोन. "अगं, ही आई नाही. एवढी रेंगाळत ती कधी शिकवायची नाही. आणि पोरं सातवीतली वाटतायत."

पुन्हा ऐकलं. बरोबर आहे. टाळ्या जड पडतात, पहिलीतल्या मुलांचे आवाज घोगरे वाटतात. बॅच फुकट. मूळ फाइली जपून ठेवल्या होत्या म्हणून वाचले. दुरुस्ती नेहमी प्रतीवर करा.

२१ जुलै, रविवार (गुरुपौर्णिमा)

मदतीला विजेची गुणगुण घेतली. रेकॉर्डर भिंतीच्या प्लगवर चालला असेल तर ५० हर्ट्झची हम फितीत उतरते. स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे आवाजातल्या वारंवारतांच्या आलेखात, खालच्या टोकाला बघितलं तर दोन रेघा शेजारी शेजारी: एक बरोबर ५० वर, ती माझ्या डेकची. दुसरी ५१.८ वर, ती त्या दिवशीच्या वर्गातल्या प्लगची.

वाटलं, सुटलं. ५१.८ ला ५० केलं की झालं. पण तेव्हाच्या ग्रिडची, म्हणजे वीजपुरवठ्याच्या जाळ्याची, वारंवारता आजच्यासारखी शिस्तीत नव्हती. ४९ च्या खाली आणि ५१ च्या वर सहज जायची. २००२-०३ मध्ये वीजदरांची नवी पद्धत आली तेव्हा कुठे ती ताळ्यावर आली. एवढ्या फरकात सा अर्धी-पाऊण पट्टी इकडे तिकडे होतो. तेव्हा या हमवरून नेमका सा ठरवता येत नाही.

काय ठरत नाही ते मात्र पक्कं कळतं. सा खरोखर काळी पाच असता तर त्या दिवशी विजेची वारंवारता ४४-४५ निघाली असती. तेवढी पडली तर अख्खा ग्रिडच बसतो. काळी पाच बाद. पांढरी एक असणार, किंवा त्याच्या अगदी जवळ.

सेलवर भरलेल्या कॅसेटींना हम नाहीच. त्यांना ही युक्ती लागू नाही.

२७ जुलै, शनिवार

शाळेत गेले. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर शिपाईमामांनी संगीताची खोली उघडून दिली. बाईंची पेटी अजून तीच. खोक्यावर शाळेचा क्रमांक, झाकणाला सुतळी.

इथे एक गोष्ट ठळक सांगते. जुनी पेटी मिळाली तर दुरुस्तीला द्यायच्या आधी तिची एकेक पट्टी, सारखा भाता मारत, रेकॉर्ड करून ठेवा. पेटीवाल्याने एकदा सूर घासून जुळवले की जुना पुरावा गेला. पितळी सूर इतक्या वर्षांत थोडे उतरतात-चढतात, पण टेपरेकॉर्डरइतके कधीच नाही.

पांढरी एक: २६४ हर्ट्झ. टेपवर सा २७३ च्या आसपास. म्हणजे टेप सव्वातीन-साडेतीन टक्के चढी. त्याच हिशेबाने हम काढली तर ५०.१ येते. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर, बास.

पट्ट्या रेकॉर्ड करताना मधल्या सप्तकातली पांढरी तीन दाबली आणि घर्रर्र. सूर नाहीच, नुसती माशी अडकल्यासारखी धडपड. मामा म्हणाले, "ती तशीच आहे, मी लागलो तेव्हापासून." मामा १९८९ ला लागले.

रात्री घरी दुसरीच्या वर्गाची कॅसेट पुन्हा लावली, नव्या वेगाने. गाणं भूप रागाचं: सा रे ग प ध. ग आला की पेटी बंद. रे ला आहे, प ला आहे, ग ला नाही. बाईंचं बोट त्या पट्टीवरून उचललं जायचं आणि तेवढा एक स्वर मुलं आधाराविना लावायची. पांढरी एकचा गंधार म्हणजे पांढरी तीनच.

चौथीची सरगम लावली. राग यमन. तिचा सा खाली आहे, ती खरोखर काळी पाचची. आणि पेटी गायब होते तीव्र मध्यमाला. काळी पाचपासून मोजा, तीव्र म येतो पांढरी तीनवर.

वही उघडली. पेन्सिलची वर्तुळं: पहिली-दुसरीच्या गाण्यांत ग वर, चौथीच्या यमनात म वर. आणि 'सा – काळी ५' लिहिलेली वही मुळात चौथीची. पुठ्ठा सुटला होता आणि कुणीतरी दोन वह्या एकत्र बांधल्या होत्या. शिवणीचे दोरे दोन रंगांचे आहेत, हे मी स्कॅन करतानाच बघायला हवं होतं.

लहान मुलांना खालचे स्वर लागत नाहीत, घशातून नुसती हवा येते. म्हणून पहिली-दुसरीला वरचा सा. शेवटच्या वर्षांतल्या कॅसेटीत हे फार ऐकू येतं. बाई तेव्हा घरी काळी चारला उतरल्या होत्या. वर्गात सा तोच पांढरी एक. तार गंधाराला त्यांचा आवाज चक्क फाटतो. त्या खाकरतात, "माझं सोडा, तुम्ही लावा" म्हणतात, आणि मुलं तो सहज लावतात. बत्तीस वर्षांत पहिली-दुसरीचा सा एकदाही खाली आणलेला नाही. निदान माझ्या हातातल्या कॅसेटींत तरी नाही.

४ ऑगस्ट, रविवार

शेवटच्या वहीच्या मागच्या पानांवर हिशेब आणि अर्जांच्या कच्च्या प्रती. शाळेला लिहिलेले: 'पेटीची पां. ३ नादुरुस्त, दुरुस्ती अंदाजे रु. ६०'. पुढच्या वर्षी तोच अर्ज, रु. ७५. मग रु. १००. शेरे बाईंच्याच अक्षरात: 'पुढील सत्रात पाहू', 'क्रीडा साहित्याला प्राधान्य'. १९९३ नंतर अर्ज नाहीत.

ज्यांना ज्यांना ही बोट उचलण्याची गोष्ट सांगितली ते सगळे "काय शिकवण्याची पद्धत!" म्हणून हरखले. मला ते पटत नाही. ही पद्धत नव्हती, साठ रुपये न मिळाल्याची सोय होती. सोय त्यांनी चांगली लावली, मुलांचे गंधार पक्के झाले, ते ऐकूही येतं. पण साठ रुपये मिळाले असते तर ते त्यांना हवे होते. अर्ज त्याच सांगतायत.

१० ऑगस्ट, शनिवार

पेटीवाले काका शाळेत आले. पांढरी तीनचा सूर काढला. त्याची थरथरून वाजणारी पितळी जीभ खाचेत किंचित सरकून कडेला घासत होती, शिवाय खाली खडूची भुकटी. फळ्याजवळच्या पेटीत ती जाणारच. कागदाची पट्टी सारून जीभ मधे आणली, ब्रशने झाडलं, पुन्हा बसवलं. चहा थंड व्हायच्या आत काम झालं. २०० रुपये.

दुरुस्त करावी की तशीच ठेवावी, यावर ताईंचा आणि माझा थोडा वाद झाला होता. ताईंना ती तशीच हवी होती. शाळेतल्या आताच्या संगीताच्या बाई आठवड्यातून दोन दिवस येतात. त्या म्हणाल्या, "मला सोमवारी पहिलीचा वर्ग आहे, मला वाजणारी पेटी हवी." विषय संपला.

भात्याला दोन भेगा निघाल्या, त्यांना चामड्याची पट्टी. त्याचे ६०० वेगळे.

१८ ऑगस्ट, रविवार

हम असलेल्या सगळ्या कॅसेटी नव्या वेगावर झाल्या. सेलवाल्यांसाठी पेटीची पट्टी धरून जुळवतेय. जिथे सा सरकतो तिथे दर दोन मिनिटांनी पेटीचा सा मोजून तुकड्या-तुकड्याने. कंटाळवाणं आहे, दुसरा मार्ग सापडलेला नाही. मागची खरखर काढायचा प्रयत्न केला. बाक सरकल्याचे आणि घंटेचे आवाजही त्याबरोबर गेले आणि वर्ग स्टुडिओत भरल्यासारखा झाला. खरखर तशीच ठेवली. जुने रेकॉर्डर आवाज आपोआप कमीजास्त करतात, त्यामुळे सगळे गप्प झाले की मागचा गोंगाट फुगतो. तोही तसाच ठेवलाय.

खर्च आतापर्यंत: डेक १,८००, बेल्ट १२०, अल्कोहोल आणि कापूस १९०, साउंड कार्ड १,१५०, रिकामी खोकी आणि जोडपट्टी ३४०, सिलिका ८०, पेटी ८००. एकूण ४,४८०. ताईंनी निम्मे दिले, नको म्हटलं तरी.

फाइली ताईंकडे आणि शाळेच्या कपाटात, दोन वेगळ्या डिस्कवर. जाहीर कुठेच टाकत नाही. त्यात मुलांची नावं घेऊन ओरडलेलं आहे आणि त्यातली काही मुलं आज पन्नाशीला आली असली तरी विचारल्याशिवाय नको. ज्याने ओळखून मागितलं त्याला त्याच्या वर्गाची प्रत द्यायची, असं ठरलंय. 'गॅदरिंग तालीम, मुलगे बेसूर' ही पहिली मागितली गेली. बेसुरांपैकीच एकाने मागितली.

बुरशीच्या कॅसेटी अजून डब्यात आहेत. एकीच्या लेबलावर नुसतं 'पहिला दिवस' लिहिलंय. कुणाचा ते लिहिलेलं नाही. आधी दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की, सगळ्यात बिनमहत्त्वाची कॅसेट घेऊन मऊ कापडावरून फीत हाताने फिरवून बघणार. ती नीट निघाली तरच ह्या एकीला हात लावेन.